पहाटे डिझेल गाडी अडते तेव्हा : थंडीला दोष देण्यापूर्वी तपासायच्या गोष्टी

दिवाळी उलटून पहाटेचा मतलई वारा बोचू लागला, की आमच्या भागातल्या गॅरेजांत एक तक्रार दरवर्षी न चुकता येते. पहाटे गाडी सुरू होत नाही, पाच-सात वेळा सेल्फ मारावा लागतो, मागून पांढरा धूर निघतो आणि एकदा इंजिनाने धरले की दिवसभर कसलीच कुरकुर राहत नाही. दापोली, मंडणगड, लांजा या पट्ट्यातल्या जुन्या डिझेल जीप आणि मासळीच्या लिलावाला पहाटे निघणारे पिकअप यांत ही तक्रार जास्त दिसते. माझ्या जुन्या डिझेल जीपने मला हा अनुभव सलग तीन हिवाळे दिला. पहिल्या वर्षी मी बॅटरी बदलली आणि दुसऱ्या वर्षी नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग, दुरुस्त करून घेतले. दोन्ही वेळा फेब्रुवारी संपता संपता दोष आपोआप नाहीसा झाला, म्हणून दुरुस्ती लागू पडली असे मी समजत राहिलो. तिसऱ्या मार्गशीर्षात गाडी पुन्हा अंगणात अडून बसली, तेव्हा शेजाऱ्यांनी न्हाणीघरातल्या बंबाचे कढत पाणी तांब्यातांब्याने इंजिनावर ओतायला सुरुवात केली, आणि इंजिन आधी गरम करण्याचे एखादे यंत्र मिळते का याची चौकशी मीही करू लागलो.

तशी यंत्रे मिळतात, पण ती ज्या थंडीसाठी बनली ती थंडी वेगळी आहे. कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात उणे २० अंशांच्या रात्री इंजिनाच्या ब्लॉकमधले पाणी विजेच्या हीटरने उबदार ठेवतात, आणि त्या हीटरची वायर गाडीच्या जाळीतून बाहेर लोंबत असते. नॉर्थ डकोटातल्या अँड्र्यू फ्रीमन यांना अशा हीटरचे पेटंट १९४९ मध्ये मिळाले. आपल्या देशात लडाखमध्ये तर प्रश्न इंजिनापुरता राहत नाही, कारण तिथे टाकीतल्या डिझेलमधले मेण गोठून नळ्या आणि फिल्टर तुंबतात. म्हणूनच उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास हिवाळी डिझेल इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी आणले. कोकणात किनाऱ्यालगत जानेवारीच्या पहाटे पारा क्वचितच १५ अंशांच्या फार खाली जातो, आणि दापोलीसारख्या माथ्यावरही तो १० अंशांच्या आसपास उतरला तर ती बातमी होते. या तापमानाला सुस्थितीतले कोणतेही डिझेल इंजिन बाहेरच्या उबेशिवाय सुरू झालेच पाहिजे, आणि झाले नाही तर गाडीत आधीपासून दोष आहे असे समजावे.

हा दोष मे महिन्यात का दिसत नाही, हे थोडक्या हिशेबाने कळते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवली जाते, की तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. जुन्या प्री-चेंबर पद्धतीच्या (डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात पेटवणाऱ्या) इंजिनात हवा सुमारे बावीस पट दाबली जाते आणि आत शिरतानाच्या तापमानातला फरक दाबाच्या शेवटी दोन ते तीन पटींनी वाढतो. म्हणजे मे महिन्यातले ३२ अंश आणि जानेवारीतले १४ अंश यांमधल्या १८ अंशांच्या फरकाचे सिलिंडरमध्ये साधारण ४० ते ५० अंश होतात. त्यातच सेल्फ मंद फिरला तर दाबलेल्या हवेची उष्णता थंड भिंतींत मुरायला आणि रिंगांच्या फटींतून हवा निसटायला जास्त वेळ मिळतो, आणि घट आणखी वाढते. ही तूट भरून काढायची ती हीटर प्लगांनी, म्हणजे सेल्फआधी विजेने तापणाऱ्या, दर सिलिंडरला एक अशा कांड्यांनी. उन्हाळ्यात चारपैकी दोन प्लग मेलेले असले तरी काम भागते. डिसेंबरात भागत नाही.

दोष पकडण्यातली सर्वांत मोठी अडचण मात्र यांत्रिक नाही. आमचे मेस्त्री मला एकदा म्हणाले, "काका, गाडी तुम्ही माझ्याकडे दहाला आणता. तोवर ती बारा किलोमीटर धावून तापलेली असते. मी बघायचे काय?" त्यांचे म्हणणे बरोबर होते. हा दोष पहाटे साडेपाचला, रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीवर, तिच्या स्वतःच्या अंगणातच तपासावा लागतो. गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजमध्ये नेऊन ठेवता आली तरी चालेल. ते शक्य नसेल तर एक साधा मल्टिमीटर आणि १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प घेऊन पुढच्यापैकी बरीचशी तपासणी घरीच करता येते.

पहिली गोष्ट म्हणजे सेल्फ मारत असताना दुसऱ्या माणसाला सायलेन्सरपाशी उभे करावे. सेल्फ व्यवस्थित फिरतो आहे आणि भरपूर पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येतो आहे, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचते आहे पण पेटत नाही, म्हणजे उष्णता कमी पडते आहे. तेव्हा हीटर प्लग, त्यांची वायरिंग आणि शेवटी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवेवर येणारा दाब) या दिशेने जावे. धुराचा मागमूसही नसेल तर डिझेलच पोहोचत नाही, आणि अशा गाडीचे प्लग बदलून पैसे वाया घालवू नयेत. सेल्फ कण्हत कण्हत फिरत असेल तर धुराकडे न बघता आधी बॅटरी आणि तिच्या जोडण्या बघाव्यात. या तीन वाटांतली आपली वाट कोणती हे ठरवण्याआधी मी नोझल करून घेतले होते, आणि तो खर्च निव्वळ वाया गेला.

माझ्या गाडीचा धूर पांढरा होता आणि सेल्फही जरा जड फिरत होता. डिसेंबरातल्या त्या पहाटे बोनेटवर दव साचून ओघळत होते. चावी न फिरवता बॅटरीवर १२.५ व्होल्ट मिळाले, म्हणजे ती जवळपास भरलेली होती. चावी पहिल्या टप्प्यावर आणताच डॅशबोर्डवरचे वेटोळ्याचे पिवळे चिन्ह लागले. चारही प्लगांना जोडणाऱ्या पत्रीवर मल्टिमीटरची तार टेकवली, तर तिथे ११ ते ११.५ व्होल्ट असायला हवे होते आणि प्रत्यक्षात ७.६ होते. प्लगांची वीज चालू-बंद करणारा रिले उपसून काढला, तेव्हा त्याच्या एका पितळी पात्यावर तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा हिरवा कलंक चढलेला होता आणि सॉकेटचे प्लॅस्टिक त्याच बाजूने तपकिरी होऊन जरासे फुगले होते. प्लगांना मिळायची उष्णता त्या खराब जोडणीतच जळत होती. मग पत्री सोडवून प्रत्येक प्लगचा रोध मोजला. पहिल्याचा ०.८ ओहम, तिसऱ्याचा ०.९, आणि दुसरा व चौथा पूर्ण तुटलेले. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून ११.४ ऐवजी ७.६ व्होल्ट मिळाल्यावर जिवंत प्लगही निम्म्यापेक्षा कमी तापत होते. त्यात चारांचे दोनच उरलेले. ढोबळ हिशेबाने माझ्या इंजिनाला ठरलेल्या उष्णतेच्या पावपट उष्णताही मिळत नव्हती, आणि तरीही डॅशबोर्डवरचे चिन्ह दरवेळी वेळेवर लागत होते आणि वेळेवर विझत होते. ते चिन्ह टायमरच्या हुकमावर चालते. प्लग तापले की नाहीत हे बहुतेक जुन्या गाड्यांत त्याला ठाऊकच नसते.

मल्टिमीटर नसेल तर पत्री सोडवल्यावर टेस्ट लॅम्पची एक तार बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरी प्लगच्या डोक्यावर धरावी. दिवा लागला तर प्लगमधली तार शाबूत आहे, नाही लागला तर प्लग गेला. काढलेला प्लग पकडीत धरून थेट बॅटरीवर लावून बघण्याची पद्धत गॅरेजमध्ये सर्रास चालते, आणि चांगल्या प्लगचे टोक काही सेकंदांत लालबुंद होते हे खरे. पण हे फक्त ११-१२ व्होल्टच्या जुन्या प्लगांवर करावे. नव्या गाड्यांत पाच व्होल्टच्या आसपास चालणारे प्लग असतात. त्यांना सरळ १२ व्होल्ट दिले तर ते तिथेच जळतात, आणि टोक फुटून उडण्याचाही धोका असतो. प्लगच्या अंगावर व्होल्टेज कोरलेले असते, ते वाचूनच पुढे जावे.

प्लग काढताना घाई नको. खाऱ्या हवेतल्या गाड्यांचे प्लग आट्यांत घट्ट बसतात, आणि पाना लांब घेऊन जोर केला तर ते मधूनच तुटतात. मग हेड उतरवण्यावाचून इलाज राहत नाही. आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे, इंजिन कोमट असताना आखूड पान्याने थोडे पुढे, थोडे मागे असे करत सोडवावे, आणि नवा प्लग बसवतानाही जोर बेताचाच ठेवावा. एक-दोन प्लग गेले असतील आणि बाकीचे त्यांच्याच वयाचे असतील तर चारही एकदम बदलावेत असे माझे मत आहे, कारण उरलेले पुढच्या हिवाळ्यात जातात आणि तीच पहाट पुन्हा वाट्याला येते. माझ्या गाडीत चार प्लग, एक रिले आणि त्याचे सॉकेट बदलले. व्होल्टेज ११.३ वर आले आणि दुसऱ्या पहाटे गाडी दुसऱ्या सेल्फला सुरू झाली.

दुसऱ्याला, पहिल्याला नव्हे. उरलेला दोष अर्थिंगचा, म्हणजे इंजिन आणि चासी बॅटरीच्या ऋण टोकाला जोडणाऱ्या पट्टीचा होता, आणि किनाऱ्यावरच्या गाड्यांत हा दोष इतका सामान्य आहे, की मी आता सुरुवातच तिथून करतो. बॅटरीच्या ऋण टोकावर एक तार आणि इंजिनाच्या उघड्या धातूवर दुसरी तार ठेवून सेल्फ मारायला सांगावे. मधे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर इंजिन ते चासी किंवा चासी ते बॅटरी ही पट्टी कुठेतरी गंजली आहे. माझ्या गाडीत तो आकडा १.४ होता. पट्टी वरून ठीक दिसत होती. चासीवरच्या बोल्टखाली मात्र गंजाचा पापुद्रा तयार झाला होता. मासळी वाहणाऱ्या पिकअपमध्ये खोक्यांतून ठिबकणारे बर्फाचे खारट पाणी नेमके याच जागी उतरते. बोल्ट काढून धातू पांढरा होईपर्यंत घासावा, पट्टी पुन्हा कसावी आणि वरून पेट्रोलियम जेली किंवा ग्रीस लावावे. ग्रीस आधी लावून मग पट्टी कसण्याची चूक करू नये. बॅटरीवर साचणारी पांढरट-निळसर भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन टाकावी. एवढे करूनही सेल्फ मारताना बॅटरीच्या टोकांवर साडेनऊ व्होल्टपेक्षा खाली आकडा जात असेल तर बॅटरी थकली आहे. इंजिन चालू असताना तिथेच १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळत नसतील तर आधी अल्टरनेटर दाखवावा, नाहीतर नवी बॅटरीही महिन्याभरात तशीच होईल.

ज्या गाडीला धूरच येत नाही तिच्यात बहुधा नळीने हवा धरलेली असते. रात्रभरात डिझेल टाकीकडे मागे सरकते आणि पंप कोरडा पडतो. हे ओळखायला आमच्या कोकणातल्या चढउताराच्या अंगणांचा चांगला उपयोग होतो. टाकी मागे असलेली गाडी एक रात्र तोंड चढाकडे करून आणि एक रात्र तोंड उताराकडे करून उभी करावी. तोंड उताराकडे असताना पहाटे नीट सुरू झाली आणि चढाकडे असताना अडली, तर थंडीचा काही संबंध नाही. कुठली तरी रबरी नळी, क्लिप किंवा तांब्याचा वायसर हवा ओढतो आहे. अशी गळती बाहेरून ओली दिसतेच असे नाही, कारण तिथून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. हातपंप असलेल्या गाडीत सेल्फआधी तो घट्ट होईपर्यंत दाबून पाहिल्यानेही हीच खात्री पटते. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून साचलेले पाणी काढून टाकणे हे पावसाळ्यानंतरचे नेमाचे काम आहे. अर्धवट भरलेल्या टाकीत चार महिने दमट हवा खेळते, तिचे पाणी तळाशी उतरते.

याच उताराचा एक तोटाही आहे. गावाकडे बहुतेक जण रात्री गाडी तोंड उताराकडे करून लावतात आणि सकाळी ढकलून, गिअरमध्ये टाकून सुरू करतात. त्यामुळे हवा धरण्याचा दोष लपतो, अर्थिंगचा लपतो आणि बॅटरीचाही लपतो; मग एखाद्या दिवशी सपाटीवर, एसटी स्टँडसमोर गाडी बंद पडते तेव्हा तिन्ही एकदम उघडे पडतात. शिवाय इंजिन बंद असताना ब्रेकला बूस्टरची मदत दोन-तीन दाबांपुरतीच असते आणि पॉवर स्टीअरिंग दगडासारखे जड असते, हे उतार संपता संपता वळण आले की कळते.

कॉमन रेल पद्धतीच्या, म्हणजे एका सामाईक नळीत (रेल) मोठ्या दाबाने डिझेल साठवून फवारणाऱ्या नव्या गाड्यांना हे सर्व जसेच्या तसे लागू नाही. कोकणातल्या तापमानाला त्या हीटर प्लगांच्या मदतीशिवायही सहसा सुरू होतात, त्यामुळे अशी गाडी पहाटे अडली तर बॅटरी, रेलचा दाब आणि सेन्सर यांकडे स्कॅनर लावून बघावे. पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांत प्लग तापवण्याचा प्रश्नच नाही. तिथे बॅटरी आणि स्पार्क प्लग बघून विषय संपतो.

थर्मोस्टॅटविषयी, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरचे पाणी अडवणाऱ्या झडपेविषयी मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे. "गाडी तापते" या तक्रारीवर उपाय म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची प्रथा आमच्याकडे फार आहे. तो नसला की रेडिएटरचे पाणी पहिल्या मिनिटापासून इंजिनात फिरते आणि हिवाळ्यात गाडी पाच-सहा किलोमीटर गेली तरी काटा वर सरकत नाही. पहिला सेल्फ लागण्याशी त्याचा थेट संबंध नाही, पण सुरू झाल्यावर बराच वेळ पांढरा धूर, ठोके आणि चढावर अडखळणे हे त्यामुळे होते आणि लोक त्याचाही दोष प्लगांवर टाकतात. न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून ऑइलमध्ये उतरते हे त्याहून वाईट. थर्मोस्टॅट साधारण ८० अंशांच्या पुढे उघडतो. त्याआधी त्याने वाट अडवून धरणे हेच त्याचे काम आहे. गाडी खरेच तापत असेल तर रेडिएटर आणि वॉटर पंप बघावा. थर्मोस्टॅट काढल्याने ते दुरुस्त होत नाहीत.

सर्व जोडण्या, प्लग आणि डिझेल ठीक असूनही पांढरा धूर थांबत नसेल, ऑइल भरायचे झाकण उघडल्यावर आतून जोराचे फुसकारे येत असतील आणि ऑइलही खर्च होत असेल, तर रिंगा आणि व्हॉल्व्ह झिजले आहेत असे धरून कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. चार सिलिंडरांपैकी एखादा इतरांपेक्षा बराच मागे असेल तर खर्च कुठे करायचा ते तिथेच ठरते.

राहता राहिले घरगुती उपाय. पेटता बोळा एअर फिल्टरच्या तोंडाशी धरण्याचा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला आहे; त्याने फिल्टरचा कागद पेटू शकतो आणि शेजारी डिझेलच्या नळ्या असतात. सेल्फच्या वेळी आत मारायचा ईथरचा स्प्रे तर हीटर प्लग असलेल्या इंजिनात वापरूच नये, कारण तो तापलेल्या प्लगवर अवेळी पेटतो आणि पिस्टन किंवा रिंगा फोडतो. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि दोन प्रयत्नांत निदान अर्धे मिनिट सोडावे. नाहीतर बॅटरीबरोबर सेल्फही जातो. आणि बंबाचे पाणी? त्याने गाडी सुरू झाली असे वाटते हे खरे आहे, कारण मॅनिफोल्ड कोमट होतो आणि तोवर प्लगांनाही चार वेळा चालू-बंद होण्याची संधी मिळालेली असते. मात्र तेच पाणी रिलेच्या सॉकेटमध्ये उतरते. माझ्या गाडीतला कलंक मिठाने धरला होता की शेजाऱ्यांच्या तांब्याने, हे मेस्त्रींनी आजवर मला स्पष्ट सांगितलेले नाही.

या सगळ्याला मुहूर्त शोधायचा तर दसऱ्याचा बरा. त्या दिवशी गाडी धुऊन हार घालायचाच असतो आणि बोनेटही उघडायचे असते. तेव्हाच बॅटरीची टोके, इंजिनाची अर्थिंग पट्टी आणि हीटर रिलेचे पाय एकदा घासून घ्यावेत, फिल्टरचे पाणी सोडावे आणि प्लगांच्या पत्रीवरचे व्होल्टेज मोजून झाकणाच्या आतल्या बाजूला तारखेसह खडूने लिहून ठेवावे. माझ्या गाडीत गेल्या दोन दसऱ्यांचे आकडे ११.३ आणि ११.२ असे आहेत.